नाना, नेगी आणि न दिसलेलं तळं

कुणाबद्दल काही लिहावं एवढी माझी पात्रता नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील गवंडीकाम करतात, आई गावच्या शाळेत खिचडी शिजवते. लिहिणं म्हणजे परीक्षेत लिहिणं, एवढंच मला ठाऊक. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मी दोन वर्षं लपवून ठेवली. अशा मुलानं त्यांच्याबद्दल लिहायला बसावं हे मलाच बरं वाटत नाही. पण दुसरं कोण लिहिणार? त्यांच्याबरोबर पाटणच्या सड्यावर, धुक्यात, हातात अख्खा ऊस धरून उभा राहिलेला माणूस जगात मी एकटाच आहे. तेव्हा माफ करा, आणि जमलं तर शेवटपर्यंत वाचा.

नाना सुभेदार आपलं बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणतात.

हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. शिराळ्याकडच्या आमच्या गावातून सांगलीला आलो, विश्रामबागेत खोली शोधत त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो. नाना जास्वंदीला पाणी घालत होते. सत्तरीच्या पुढचे, पण पाठ भिंतीसारखी सरळ. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “खोली वर हाय. पाणी सकाळी सहाला येतं. ओव्हर.”

मला वाटलं, ओव्हर म्हणजे ओव्हरहेड टाकी. मी मान हलवली. ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. झारीतलं पाणी संपलं तरी दोघं तसेच उभे. शेवटी आतून काकू बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “बोल बाबा, आता तुजी पाळी हाय. त्यांनी ओव्हर म्हटलंय, आता तू बोलल्याशिवाय ते हलायचं न्हाईत.”

नानांनी फौजेत सगळी नोकरी बिनतारी संदेशाच्या कामात काढली. तिथं एकानं बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं, मग दुसऱ्यानं बोलायचं. दोघं एकदम बोलले तर कुणाचंच पोचत नाही. घरी आल्यावरही नानांना ही पद्धत सोडावीशी वाटली नाही. त्यांच्या मते बायकामाणसांची, पोराबाळांची, सोसायटीतल्या मंडळींची सगळी भांडणं ओव्हर न म्हटल्यामुळे होतात.

दुसरा नियम उजळणीचा. कुणी निरोप दिला की घेणाऱ्यानं तो शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचा. बरोबर असेल तर देणारा म्हणतो ‘बरोबर’. चुकला तर म्हणतो ‘चूक, पुन्हा सांगतो’, आणि निरोप पहिल्यापासून सुरू. काकूंनी मला कोथिंबीर आणायला सांगितली तरी नाना ओसरीवरून ओरडायचे, “उजळणी!” मग मी म्हणायचो, “कोथिंबीर एक पेंडी, आलं थोडं, लिंबं चार, पिवळी.” काकू म्हणायच्या, “बरोबर रं बाबा,” आणि नानांकडे बघून कपाळाला हात लावायच्या. सिलिंडर देणारा माणूस तर फाटकातूनच उजळणी म्हणत यायचा. त्याला सवय झाली होती.

नानांनी घरातल्या प्रत्येकाला नाव दिलं होतं. ते स्वतः स्टेशन एक. मी आल्यावर स्टेशन दोन झालो. काकू म्हणजे कंट्रोल. काकू म्हणायच्या की लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, एवढी एक गोष्ट त्यांनी खरी बोललेली आहे.

आता उसाकडे येतो.

पावसाळा लागून महिना झाला असेल. एका शनिवारी नानांनी मला खाली बोलावलं आणि विचारलं की उद्या कॉलेज आहे का. रविवार होता, नव्हतं. मग पहाटे पाचची गाडी धरायची, कराडला बदलायची, पाटणच्या पुढे घाटाच्या पायथ्याला उतरायचं आणि चालत सड्यावर जायचं, संध्याकाळी परत. सडा म्हणजे डोंगराचा सपाट खडकाळ माथा. पावसाळ्यात त्याच्यावर पाणी साठून तळी होतात, आणि कडेवरून धबधबे पडतात. एक धबधबा तर उलटा आहे. खालून वारा असा येतो की पाणी दरीत पडायच्या ऐवजी वर उडतं आणि आपल्याच तोंडावर येतं.

मी का, असं मी विचारलं. नाना म्हणाले, “ऊस धरायला माणूस पायजे. ओव्हर.”

मी उजळणी केली, “ऊस धरायला माणूस पाहिजे.” “बरोबर,” नाना म्हणाले. ठरलं.

ऊस त्यांच्या भावाच्या रानातला होता. आडसाली, म्हणजे आदल्या पावसाळ्यात लावलेला, वर्ष उलटून गेलेला, माझ्या डोक्यावर हात-दीड हात जाईल असा. तो वाड्यासकट, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यासकट, एसटीत न्यायचा. कंडक्टर म्हणाला आडवा ठेवा, नाना म्हणाले मोडेल. कंडक्टर म्हणाला टपावर टाका, नाना म्हणाले ‘टाका’ हा शब्द चुकीचा आहे. शेवटी मी खिडकीशी बसलो आणि उसाचा शेंडा बाहेर ठेवला. कराडपर्यंत प्रत्येक थांब्यावर शेळ्या त्याच्याकडे बघत होत्या.

ऊस कशाला, हे मला वर पोचल्यावर समजलं. नानांकडे एक जुना रोलचा कॅमेरा होता, फौजेच्या कॅन्टीनमधून घेतलेला. तो ते युरियाच्या गोणीतल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणायचे. छत्री होती, पण ती कॅमेऱ्यावर धरायची, माणसावर नाही. तळ्याच्या काठावर मला उभं करायचं, हातात ऊस सरळ धरायला सांगायचा आणि फोटो काढायचा. उसावरून तळं केवढं, धबधबा केवढा, ते बघणाऱ्याला कळावं म्हणून. फोटोत नुसतं पाणी असलं तर ते डबकं आहे की तळं, कुणाला कळणार? पण ऊस केवढा असतो हे सगळ्यांनाच माहीत असतं.

हे मला इतकं पटलं, की ज्याला हा फोटो पाठवायचा तो माणूस हिमालयात राहतो आणि त्यानं आमच्यासारखा रोज ऊस पाहिलेला नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नानांच्याही आलं नाही.

तो माणूस म्हणजे दिलबरसिंग नेगी. गढवालचा. नानांच्या बरोबरीनं बिनतारीवर बसणारा. नानांनी त्याची गोष्ट मला चढावर सांगितली, पाच-सात वाक्यं झाली की दम खायचा, ओव्हर म्हणायचं, मी ‘हूं’ म्हणायचं, मग पुढे.

नेगी सारखा त्याच्या गावच्या तळ्याचं सांगायचा. डोंगराच्या माथ्यावर, बर्फाच्या पायथ्याला, आभाळापेक्षा निळं. एकदा दोघांना एकदम सुट्टी मिळाली आणि नेगी नानांना गावी घेऊन गेला. पहाटे निघाले. वाटेत तीन धबधबे लागले. ते नानांना मान्य होते. दुपारी माथ्यावर पोचले तर धुकं. स्वतःचा हात दिसेना. नेगीनं आपली काठी जमिनीत रोवली आणि म्हणाला, हिच्या पुढे जाऊ नको, पुढे तळं आहे. तीन तास दोघं काठीशी बसून राहिले. धुकं काही उठलं नाही. नेगी म्हणाला, हात घालून बघ. नानांनी हात घातला, पाणी होतं, गार होतं.

“मी त्येला म्हणलो, पानी हाय रं, पर तळं हाय कशावरनं? पखालीतलं सांडलं आसंल.” एवढं सांगून नाना एकटेच हसले. “तवा त्येला राग आला. लय राग आला. उतरताना बोलला न्हाई गडी.”

तिथंही नानांनी फोटो काढला होता. तो पांढरा आला, आणि पुढे बदल्यांच्या घाईत हरवला. त्यानंतर दोघांची चौक्यांवरची सगळी नोकरी या एका भांडणावर गेली. काम संपलं की नाना बिनतारीवर विचारायचे, तेरा तालाब मिला क्या, ओव्हर. नेगी म्हणायचा, तेरी आँख खराब है, ओव्हर. नानांनी त्याला सांगून ठेवलं की आमच्या साताऱ्याकडेही डोंगरावर तळी आहेत, आणि ती दिसतात. एक दिवस फोटो पाठवीन. त्यात तळंही असेल, डोंगरही असेल, आणि तुला हार मानावी लागेल.

दोघं निवृत्त झाले. दर दिवाळीला नेगीचं कार्ड यायचं. त्यावर एकच ओळ असायची, ‘तेरा तालाब मिला क्या? ओव्हर.’ आणि नाना उत्तर द्यायचे, ‘फोटो आ रहा है. रुको. ओव्हर.’ असं किती वर्षं चाललं होतं ते नानांना नीट सांगता येईना. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “मोजलं न्हाई. पर घराचा रंग चारदा दिला तेवढ्यात.”

फोटो न यायचं कारण मला पहिल्याच रविवारी कळलं. आमच्या सड्यावर पावसाळ्यात पाणी असतं, पण धुकंही असतं. पुढचा माणूस दिसत नाही. धुकं उठतं तेव्हा दसरा आलेला असतो, आणि तोवर धबधब्याची करंगळीएवढी धार राहते, तळ्याचं चिखलाचं ताट होतं. म्हणजे धबधबा असतो तेव्हा दिसत नाही आणि दिसतो तेव्हा नसतो. ज्या गोष्टीवरून नानांनी नेगीला जन्मभर छळलं, तीच त्यांच्या वाट्याला आली होती. मी एकदा हे भीत भीत बोलून दाखवलं. नाना म्हणाले, “चूक. पुन्हा सांगतो. आमचं तळं हाय.” मग ओव्हर म्हटलं नाही, त्यामुळे मला बोलता आलं नाही.

त्या पावसाळ्यात आम्ही सात रविवार गेलो. नानांची एक वही होती. प्रत्येक फोटोचा नंबर, वेळ, जागा, आणि शेवटच्या रकान्यात ‘दिसणं’. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यं होती. मला अजून समजत नाही की शून्य दिसतंय हे डोळ्यांना कळत असताना माणूस फोटो कशाला काढतो. उलट्या धबधब्याशी मी ऊस धरून उभा असायचो, पाणी खालून नाकात जायचं, आणि पलीकडून कुठून तरी नानांचा आवाज यायचा, ऊस सरळ धर. मला ते दिसत नव्हते, त्यांना मी दिसत नव्हतो, ऊस वाकडा आहे हे त्यांना कसं कळायचं देव जाणे.

तिथं मोबाइल घेऊन आलेली पुण्याकडची मंडळी असायची. ती उसाबरोबर आपले फोटो काढून घ्यायची. एका बाईंनी विचारलं की इथं ऊस वाहायची पद्धत आहे का. एका माणसानं धुक्यातून येऊन विचारलं, रस कसा ग्लास? मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, सरकारी काम चालू आहे. तो माणूस सॉरी म्हणून धुक्यात परत गेला.

सातव्या रविवारी मात्र घडलं. श्रावण संपत आला होता. मी तळ्याकाठी ऊस धरून उभा होतो, पायात जळवा असतील अशी भीती वाटत होती, आणि एकदम पाठीवर ऊन लागलं. मागं वळून बघू का असं मी विचारलं. नाना म्हणाले, “हलू नको. बापाची शप्पथ हाय.” मी समोर नानांकडे बघत होतो, म्हणून तळं मी पाहिलंच नाही. मी पाहिला तो नानांचा चेहरा. त्यांनी एकदा कॅमेऱ्यातून बघितलं, खटका दाबला, आणि मग कॅमेरा खाली घेऊन नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले. मी वळलो तेव्हा धुकं परत आलं होतं.

रोल धुऊन आला. छत्तीसपैकी पस्तीस पांढरे. एक साफ. तळं, त्याच्या मागं दरी, समोरच्या डोंगरावर धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा, आणि पुढे मी आणि ऊस. खरं तर आमचा ऊस त्या तळ्यापुढं काडीसारखा दिसत होता. नानांनी तो फोटो जेवणाच्या पाटाशेजारी ठेवून जेवण केलं. मग मागं हिंदीत लिहिलं, ‘नेगी, देख ले. अब बोल. ओव्हर.’ आणि पाकिटात घालून टपालात टाकायचं काम माझ्यावर सोपवलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्याखाली माझा मोबाइल नंबर घालायला सांगितला, कारण नानांचा फोन बॅटरी वाचावी म्हणून कायम बंद असतो.

इथं माझी चूक झाली. फोटो मुडपू नये म्हणून मी दोन पुठ्ठे कापले. माप म्हणून एक पांढरा फोटो घेतला. चांगल्या फोटोवर कात्री फिरू नये म्हणून तो माझ्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ठेवला. पुठ्ठे बरोबर झाले. मापाचा फोटो त्यांच्यामध्ये होता तसा राहिला. त्या दिवशी अकराला माझी चाचणी होती. मी पाकीट चिकटवलं, टपालात टाकलं आणि परीक्षेला पळालो.

दोन महिन्यांनी, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, पुस्तक उघडलं तर त्यात मी उभा होतो, हातात ऊस घेऊन.

मी त्या दिवशी जेवलो नाही. खाली जाऊन सांगायचं ठरवलं आणि जिन्यावरून परत आलो. नाना ओसरीवर बसून रोज टपालवाल्याची वाट बघत होते. दिवाळी आली. नेगीचं कार्ड आलं नाही.

नानांना आनंद झाला. “हरलाय,” ते काकूंना म्हणाले. “म्हणून गप हाय. तोंड न्हाई त्येला.” शेजाऱ्यांनाही सांगितलं. मला त्यांनी स्वतःच्या हातानं करंजी आणून दिली, ऊस सरळ धरल्याबद्दल. ती करंजी मी कशी खाल्ली ते मलाच माहीत.

मला वाटायचं, तिकडे त्या म्हाताऱ्या माणसाला एक कोरा पांढरा फोटो मिळाला. मागं एक अक्षर नाही. त्याला वाटलं असेल, नाना थट्टा करतात. आयुष्यभर केली तीच. तो पुन्हा रागावला असेल. आणि नानांचं ‘ओव्हर’ त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. म्हणजे नियमाप्रमाणे बोलायची पाळी अजून नानांचीच होती. दोघंही आपापल्या जागी दुसऱ्याची पाळी समजून बसले होते, आणि मधली तार माझ्या पुस्तकात अडकली होती.

मग चांगला फोटो मागाहून का नाही पाठवला, असं कुणी विचारेल. मीही स्वतःला विचारलं. दोनदा टपाल कचेरीच्या पायरीपर्यंत गेलो. पण तो पोचल्यावर नेगी विचारतील की आधीचा पांढरा काय होता, नाना म्हणतील कुठला पांढरा, आणि सगळं बाहेर येईल. मी खोलीतून जाईन याची भीती नव्हती. नाना मला परत स्टेशन दोन म्हणणार नाहीत, याची होती.

दुसरं वर्ष आलं. दिवाळीला कार्ड नाही. या वेळी नाना हरलाय म्हणाले नाहीत. काही दिवसांनी काकूच म्हणाल्या, “आवं, एक फोन लावा की नेगीभावजींना. का बरं न्हाई लावत?” नानांनी सांगितलं की पाळी त्याची आहे. “मी ओव्हर म्हणलोय. त्येनं बोलायचं.” काकू म्हणाल्या की दोन वर्षं झाली, माणूस आजारी असेल, काही असेल. नाना उठून जास्वंदीला पाणी घालायला गेले. पाऊस नुकताच पडून गेलेला, झाडाला पाणी नकोच होतं.

मला तेव्हा वाटलं की नाना नियम पाळत नाहीत, नियमामागं लपतात. पण मी तर पुस्तकामागं लपलो होतो. मी कोण सांगणार?

आणखी एक गोष्ट मला समजत नव्हती. फोटो पाठवून झाला, जिंकूनही झालं, तरी पावसाळा आला की रविवारी सड्यावर जाणं चालूच होतं. ऊसही यायचा. मी विचारलं तर म्हणाले, दुसरी प्रत असावी. पण यंदा त्यांनी कॅमेरा प्लॅस्टिकमधून काढलाच नाही. गेल्या महिन्यातली गोष्ट. धुकं नेहमीसारखं. मी ऊस धरून उभा राहिलो, किती तरी वेळ खटका वाजला नाही. हाकही आली नाही. मला भीती वाटली, म्हणून अंदाजानं त्यांच्या दिशेनं गेलो. नाना काठावर उकिडवे बसले होते. शर्टाची बाही कोपरापर्यंत वर केलेली, आणि हात पाण्यात. काही धुवत नव्हते. नुसता हात घालून बसले होते. मी आल्याचं त्यांना कळलं असावं.

“गार हाय,” ते म्हणाले.

ओव्हर म्हटलं नाही. मी उसाला टेकून तिथंच उभा राहिलो.

परवा बुधवारी कॉलेज सुटल्यावर मी विश्रामबागच्या चौकात उभा होतो, तेव्हा अनोळखी नंबरचा फोन आला. एक बाई हिंदीत बोलत होत्या. म्हणाल्या, नेगीजींच्या घरून बोलतेय, मी त्यांची सून. घराचं छप्पर बदलायला काढलंय, म्हणून भिंतीवरचे फोटो उतरवले. एका चौकटीच्या मागं पाकीट होतं, त्यावर हा नंबर. मला गाड्यांच्या आवाजात नीट ऐकू येईना. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो आणि त्यांना पुन्हा सांगायला लावलं. मग सवयीनं त्यांचं सगळं बोलणं त्यांनाच परत म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, आमचे बाबूजी पण असंच करायला लावायचे.

मी घरी आलो. नाना ओसरीवर कॅमेरा पुसत होते. मी वर गेलो, पुस्तक घेऊन खाली आलो आणि त्यातला फोटो काढून त्यांच्या समोर ठेवला. त्यांनी तो पाहिला, उलटा केला, स्वतःचं अक्षर वाचलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी पुठ्ठ्यापासून सगळं सांगितलं, पांढऱ्या फोटोसकट. माझं संपलं तरी नाना काही बोलले नाहीत. मला वाटलं, मी ओव्हर म्हटलं नाही म्हणून. पण माझं संपलं नव्हतंच.

“नेगींच्या घरचा निरोप आहे,” मी म्हणालो. “स्टेशन दोनकडून स्टेशन एकला.”

नानांनी कॅमेरा खाली ठेवला. पाठ सरळ केली.

मी सांगितलं, “फोटो पोचला. बाबूजींनी चौकट करून भिंतीवर लावला. आल्यागेल्याला सांगायचे, हे आमचं तळं, माझ्या मराठा दोस्तानं काढलेला फोटो आहे. कोपऱ्यात एक पुसट रेघ आहे, ती माझी काठी. म्हणायचे, एवढी वर्षं नाही नाही म्हणत होता, पण बघा, फोटो जपून ठेवला होता गड्यानं. दिसलं होतं त्याला. फोटो आला त्याच माघात बाबूजी गेले. फोटो अजून घरात आहे, छप्पर झालं की परत लावणार. ओव्हर.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. नाना अंगणातल्या जास्वंदीकडे बघत होते, आणि मग हळूहळू, फौजेतल्यासारखं, एकेक वाक्य सुटं करत त्यांनी उजळणी सुरू केली.

“फोटो पोचला. भित्तीवर लावला. आमचं तळं हाय, मराठा दोस्तानं काढलेला. कोपऱ्यात रेघ हाय, ती...” इथं ते थांबले. ती रेघ कशाची हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. “ती नेगीची काठी. फोटो जपून ठिवला हुता. दिसलं हुतं त्येला. फोटो घरात हाय, छप्पर झालं की परत लावनार. ओव्हर.”

माघाचं वाक्य राहिलं होतं. नियमाप्रमाणे मी ‘चूक, पुन्हा सांगतो’ म्हणायला हवं होतं. नाना माझ्याकडे बघत होते.

“बरोबर,” मी म्हणालो.